सरांचा फोन म्हणजे मी

सकाळी कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच आमची बेल वाजते. दार उघडायच्या आधीच मला माहीत असतं की बाहेर सर उभे आहेत. बिनइस्त्रीचा झब्बा, रबरी चपला आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाला नुकतंच माफ केल्याचा भाव.

"आला का?"

"कोण, सर?"

"तो. आकडा."

आकडा म्हणजे ओटीपी. 'ओटीपी' हा शब्द सर उच्चारत नाहीत, त्याने तोंड विटाळतं. पण त्यांचा गॅस, त्यांची बँक, त्यांचा मेडिक्लेम, त्यांचं आधार कार्ड या सगळ्यांना जोडलेला मोबाइल नंबर माझा आहे, कारण सर मोबाइल वापरत नाहीत. तत्त्व आहे ते. तत्त्व त्यांचं, चार्जर माझा. मी फोन शोधते, चष्मा शोधते, आकडा वाचून दाखवते. सर तो तळहातावर बॉलपेनने लिहून घेतात आणि चालत बँकेत जातात. तिथे पोचेपर्यंत त्या आकड्याची मुदत संपलेली असते. मग बँकेतली मुलगी मला फोन करते.

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत आता गेटवर कुणी आलं की वॉचमन ॲपवरून परवानगी मागतो. सरांकडे कुणीही आलं तरी घंटा माझ्या फोनवर वाजते. मी अंधेरीला कुठल्या तरी कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरसमोर बसलेली असते आणि फोन विचारतो, पाहुणे आलेत, आत सोडू का? एकदा मी वैतागून 'नको' दाबलं. पुण्याहून सरांना भेटायला आलेले दोन प्राध्यापक बराच वेळ उन्हात उभे राहिले. शेवटी सर स्वतः खाली जाऊन त्यांना घेऊन आले, आणि संध्याकाळी मला म्हणतात कसे, "बघितलंस? यंत्राला माणसाची पारख नसते." अहो, यंत्राने नाही, मी हाकललं त्यांना! पण हे मी बोलले नाही. माझा नवरा म्हणतो, "सरांनी कंपनी सोडून किती वर्षं झाली, पण तुझी नोकरी काही सुटली नाही."

सर व्याख्यानं देतात. माणसाने पडद्यापासून दूर राहावं, या विषयावर. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, जिथे बोलावतील तिथे. बोलावणारे फोन अर्थातच मला करतात. "जे हाताला लागत नाही, ते डोळ्याला दाखवू नये" हे त्यांचं वाक्य आता लोक घराघरांत एकमेकांना ऐकवतात, आणि ते घराघरांत पोचलं ते मोबाइलवरूनच. कुणी तरी व्याख्यानाचा तुकडा काढून टाकतो आणि तो पसरतो. सर तो पाहत नाहीत, छे छे. फक्त आकडा घ्यायला आले की जाता जाता, अगदी सहज, चपलेत पाय घालत विचारतात, "किती झाले?" मी मुद्दाम विचारते, "काय किती?" ते म्हणतात, "काही नाही, असंच," आणि उभेच राहतात. मग मला सांगावं लागतं की बोरिवलीचं भाषण एवढ्या लोकांनी पाहिलं. "हं," म्हणून जिना उतरतात तेव्हा त्यांच्या पाठीला झालेला आनंद मला दिसतो.

या सगळ्या फोनांत एक फोन असा आहे की तो आला की माझा सरांवरचा राग पहिल्यापासून सुरू होतो. तो वर्षातून एकदा, गणपतीच्या तोंडावर येतो. परबकाकांचा.

"बाय, मशीन बरा झाला काय गो?"

"नाही हो काका. अजून नाही."

"बरा, बरा. झाला की सांग."

हे उत्तर सरांनी मला नेमून दिलेलं आहे. त्यांचा फोन मीच, त्यामुळे त्यांचं उत्तरही मीच द्यायचं. गेल्या गणपतीत मात्र काकांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "डोळ्यात काचबिंदू झालो हा गो. डाक्टर म्हणता, कडेकडेन काळा होत जातला. आता नळीतसून बघल्यासारखा दिसता. ता पण बंद होवच्या आधी एकदा गॅलरीत जावन येवचा हा माका."

मी पुन्हा तेच म्हटलं, अजून नाही. नंतर दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

ही गॅलरी कसली आणि मशीन कुठलं, हे सांगायचं तर अंधेरीला जावं लागेल. औद्योगिक वसाहतीत एका बाजूला फरसाणाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला नटबोल्टवाला आणि मध्ये आमचा गाळा. मी आर्किटेक्चरचा डिप्लोमा करून तिथे नोकरीला लागले. मला वाटलं होतं, नकाशे काढायचे असतील. पहिल्याच दिवशी सरांनी 'बस' न म्हणता माझ्या डोक्यावर एक हेल्मेट ठेवलं. स्कूटरचं साधं हेल्मेट, पण डोळ्यांपुढे कॅमेऱ्यातून काढलेले दोन चिमुकले पडदे, आणि वायरींनी जोडलेला कॉम्प्युटर. हेच ते मशीन. हेल्मेट पुढे झुकायचं, म्हणून मागच्या बाजूला त्यांनी मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिशाचे गोळे शिवले होते. ते मनोरीहून आणले होते. आत केसांच्या तेलाचा वास. मी मान वळवली आणि पडद्यातली खोलीही वळली. मी किंचाळले. सरांनी माझ्या हातात लिंबाची फोड दिली आणि म्हणाले, "चाट. पहिल्या दिवशी सगळ्यांना मळमळतं. उद्यापासून ये."

तेव्हा या गोष्टीला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात हेही इकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. येणारा प्रत्येक जण "थ्रीडी पिक्चर का?" असं विचारायचा आणि सर त्याच्या अंगावर धावून जायचे. "पिक्चर तुम्ही बघता! इथे तुम्ही असता!" या एका वाक्यावर सरांनी लग्न केलं नाही, वडिलांची जागा विकली आणि आम्हा सगळ्यांना वेठीस धरलं. परदेशातले लोक हेच करायला मोठाल्या प्रयोगशाळा लागतात म्हणायचे आणि हा माणूस फरसाणाच्या वासात ते करत होता. हे मान्यच करायला हवं. मी कितीही चिडले तरी ते नाकारत नाही.

सरांची एक पद्धत होती. हेल्मेट घातलेल्या माणसाच्या तोंडाकडे ते बघायचे नाहीत. "तोंड काय, तोंड वा-वा करतं. पाय बघ." म्हणून चपला-बूट बाहेर काढायचे, असा दंडक. उंचावरून खाली पाहिल्यावर पायाची बोटं जमीन पकडतात का, पायरी दिसली की गुडघा आपोआप वाकतो का, यावरून ते आपलं काम पास की नापास ठरवायचे. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब मोज्यांना पडलेली भोकं लपवत आमच्या लादीवर उभे राहायचे आणि सर त्यांच्या पायांशी उकिडवे बसलेले असायचे. अशाने आमची किती कामं गेली असतील ते सोडाच.

मग बिल्डर लोकांना आमचा शोध लागला. इमारतीचा पाया खणायच्या आधीच गिऱ्हाइकाला आतून घर फिरवून दाखवायचं, याहून त्यांना दुसरं काय हवं! कांदिवलीत खाडीच्या बाजूला एक इमारत होणार होती. तिच्या सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही बनवायचा होता. दुसरे लोक अशा वेळी गॅलरीबाहेर कुठलाही निळा समुद्र चिकटवून मोकळे होतात. सरांना ते पटणं शक्यच नव्हतं. प्लॉटच्या शेजारी एक जुनी इमारत होती, तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बरोबर सातव्या मजल्याच्या उंचीची. सर त्या टाकीवर चढले. मी खाली शिडी धरून, वॉचमनला बोलण्यात गुंतवून. त्यांनी त्या गॅलरीच्या दिशेने, त्या उंचीवरून जे जसं दिसेल तसं टिपलं. खाली तिवरांची झाडी, पुढे मनोरीची खाडी, पलीकडे माडांची रांग. त्यात त्यांनी एक रंगसुद्धा वाढवला नाही. बिल्डर म्हणाला, "पाणी जरा निळं करा ना साहेब." सर म्हणाले, "मग खाडी निळी करून आणा."

एवढं करून ते थांबले नाहीत. गॅलरीत वारा हवा. म्हणून एक टेबलफॅन आणि त्याचं बटण माझ्याकडे. बघणाऱ्याने गॅलरीच्या उंबऱ्यावरून पाऊल उचललं की मी पंखा लावायचा. आधी नाही, नंतर नाही. माझा अख्खा डिप्लोमा त्या बटणावर खर्ची पडला.

घरांच्या प्रदर्शनात परबकाका आणि काकू आले. काका पूर्वी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर कुरिअरच्या ऑफिसात. जन्म लालबागच्या खोलीत गेलेला. काकूंनी हेल्मेट घातलं आणि लगेच काढलं, त्यांना भोवळ आली. काकांनी घातलं. हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, सगळं हं-हं करत. मग गॅलरीत पाऊल टाकलं, मी पंखा लावला. त्यांच्या पायाची बोटं लादीत रुतली. एक हात पुढे गेला, नसलेला कठडा धरायला. सर माझा दंड दाबून कुजबुजले, "पाय बघ, पाय बघ!" इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. म्हणजे सरांबद्दल बोलतेय मी. काकांचं तोंड हेल्मेटात होतं. त्यांनी फ्लॅट त्याच दिवशी ठरवला.

इमारत उभी राहायला काही वर्षं गेली. त्या काळात बिल्डरने समोरच्या मोकळ्या जागेत आणखी एक विंग मंजूर करून घेतली. काका राहायला गेले तेव्हा गॅलरीपुढे हात लांब केला तर लागेल अशी भिंत होती. बाथरूमचे पाइप आणि एसीची यंत्रं. खाडी, तिवरं, माड, सगळं त्या भिंतीच्या पलीकडे.

काका आमच्या गाळ्यात आले तेव्हा भांडण होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. सर टाकीवरून काढलेले फोटो घेऊन बसले होते, आम्ही खोटं दाखवलं नाही हे सिद्ध करायला. काकांनी दाराशी चपला काढल्या, फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, जरा गॅलरीत जावन येव काय?"

त्यांनी हेल्मेट घातलं, हॉल ओलांडला, गॅलरीत गेले. मी पंखा लावला. थोडा वेळ उभे राहिले, हेल्मेट काढून दिलं, "बरा वाटला" म्हणाले आणि गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा आले. मग दर गुरुवारी. कुणाला त्रास नाही, काही मागणं नाही. फरसाण मात्र आणायचे शेजारून.

आम्हाला सवय झाली, सरांना झाली नाही. गुरुवार आला की त्यांचं जेवण सुटायचं. काकांच्या पायांकडे ते बघायचे नाहीत, नटबोल्टवाल्याकडे जाऊन बसायचे. एकदा त्यांनी ठरवलं की काकांची ही सवय मोडायची आणि त्यांना खरा समुद्र दाखवायचा. सरांचं डोकं असंच चालतं. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने मनोरीला, वाळूवर बसवलं, मासे खाऊ घातले, वर "बघा काका, हे खरं, हे हाताला लागतं" असं प्रवचन. मीही होते, पाण्याच्या बाटल्या वाहायला. काकांनी काटे काढत शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, मी देवगडचो," ते म्हणाले. "माका समुद्र काय दाखवतास? जल्माक आल्यापासना बघतंय. माका माझी गॅलरी व्हयी."

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा सर दारातच उभे होते. "मशीन चालत नाही काका," त्यांनी सांगितलं. "दुरुस्त झालं की कळवू." काका परत गेले. मी चाट पडले. सकाळीच मी त्याच मशीनवर काम केलं होतं.

त्यानंतर काही दिवसांतच सरांनी गाळ्याची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "तू बघ हे. मी यातून बाहेर पडलो." लोकांचे पगार कसे व्हायचे, घेतलेली कामं कोणी पुरी करायची, हे सांगायचं राहूनच गेलं त्यांच्याकडून. मी रडले, भांडले आणि मग बघायला लागले. आता आम्ही कारखान्यातल्या लोकांना चष्मे लावून शिकवतो, आग लागली तर कुठून पळायचं, क्रेन कशी चालवायची. पोटापुरतं चालतं. आणि सर झाले विचारवंत.

त्यांचं मुलुंडचं व्याख्यान मी मरेपर्यंत विसरणार नाही. सभागृहाच्या दाराशी पत्र्याची ट्रंक. आत जाताना प्रत्येकाने आपला मोबाइल त्यात टाकायचा, कुलूप लावायचं, व्याख्यान संपलं की उघडायचं. व्याख्यान झकास झालं. टाळ्या झाल्या. आणि किल्ली सापडेना. सरांच्या खिशात नाही, झब्ब्यात नाही, टेबलावर नाही. किल्लीवाल्याला बोलवावं तर त्याचा नंबर ट्रंकेत. घरी कळवावं तर कुणालाच कुणाचा नंबर पाठ नाही. एका बाईंना स्वतःच्या मुलाचा नंबर आठवेना, त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. एक गृहस्थ रिक्षा बोलावता येत नाही म्हणून हताश होऊन पायरीवर बसले. समोर रस्त्यावर रिक्षा उभ्या होत्या! आणि आमचे सर? व्यासपीठावरून हात पसरून, "बघा! बघा आपण कुठे येऊन पोचलोय!" कुणी तरी म्हणालं, "अहो, ते ठीक आहे, पण आमची वाट लागलीय ना इथे." शेवटी फोन कुणाकडे होता? माझ्याकडे. माझा फोन ट्रंकेत जात नाही, कारण तो सरांचा असतो. मी किल्लीवाला बोलावला.

तर गेल्या गणपतीत काकांचा तो फोन आला आणि मी संध्याकाळी तरातरा सरांच्या घरी गेले. ते सतरंजीवर बसून शेंगा सोलत होते.

"काकांची नजर चाललीय सर. मशीन गाळ्यातच आहे, माळ्यावर. एकदा दाखवून टाका त्यांना."

त्यांनी मान वर केली नाही. "एका भ्रमातून सुटलेल्या माणसाला मी पुन्हा त्यात ढकलणार नाही."

"सुटले? दरवर्षी फोन करतात ते!"

"करतात, कारण तू त्यांना नीट सांगत नाहीस."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मी सांगत नाही? तुम्ही शिकवलेलं खोटं मी दरवर्षी पोपटासारखं बोलते!"

"ते खोटं नाही," सर म्हणाले. "मशीन खरंच चालत नाही."

"कसं चालत नाही?"

"तुला नाही कळायचं."

"मला पुष्कळ कळतं. तुमचे आकडेसुद्धा मलाच कळतात!"

मी दार आपटून आले. पुढे बरेच दिवस सर आमच्याकडे फिरकले नाहीत. त्यांचा सिलिंडर संपला, नवा बुक करायला आकडा हवा, पण यायचे नाहीत. दही-पोहे खाऊन राहिले. नवरा म्हणाला, "जा ना, देऊन ये काय हवं ते." मी गेले नाही. पण मी दुसरं एक केलं. मी फोन आहे तर आहे, फोन लावताही येतो. मी परबकाकांना फोन लावला आणि म्हटलं, "काका, मशीनचं मला विचारू नका. रविवारी सकाळी बोरिवलीला सरांचं भाषण आहे. तुम्हीच या आणि त्यांना विचारा."

ते आले. काकूंचा हात धरून, पायऱ्या चाचपत. पहिल्या रांगेत बसले. सरांनी त्यांना ओळखलं नसावं, किंवा ओळखून न पाहिल्यासारखं केलं. भाषण नेहमीचंच झालं. मी लोकांना खोटी घरं दाखवली, मी पापी, माझ्याकडून शिका, वगैरे. लोक भारावून ऐकत होते. मला ते पाठ आहे. मी मागे पंख्याखालची जागा धरून बसले होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एकाने मुलांच्या अभ्यासाचं विचारलं, एकीने झोपेचं. मग काकूंनी काकांना उठवलं आणि कुणी तरी त्यांच्या हातात माइक दिला.

"साहेब, माका येवढाच विचारूचा हा," काका म्हणाले. "मशीन बरा झाला काय?"

लोकांना वाटलं, माइकबद्दल बोलतायत. "चालू आहे काका, बोला, बोला," मागून आवाज आले. सर मात्र टेबलाची कड धरून उभे राहिले. त्यांनी सभागृहात मला शोधलं. मी नजर वळवली नाही. या वेळी उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

"मशीन बिघडलंच नव्हतं काका," सर म्हणाले. त्यांचा आवाज व्यासपीठावरचा नव्हता, आमच्या दारातला होता. "मी त्याची एक वायर काढली आणि घरी नेऊन ठेवली. म्हणजे चालत नाही म्हटलं तर ते खोटं होणार नाही."

काही लोक हसले. मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं हा माणूस वायर कपाटात ठेवून सत्यवादी राहिला होता!

"तुम्हाला मी एकदा फसवलं होतं काका," सर पुढे म्हणाले. "ती गॅलरी दाखवून. पुन्हा फसवायचं नव्हतं मला."

काकांनी मान हलवली. "गॅलरी दाखवलास, त्येच्यात खय फसवलास? थयसून खाडी दिसाच होती. तुमी टाकयेर चढान फोटो काढलास, ह्या बायनच माका सांगितलेला. मदी भिंत घातली ती बिल्डरान. बिल्डर तसोच आसता, त्येचा माका काय वाटाक नाय." बोलून बोलून त्यांना दम लागला होता. "फसवलास ता नंतर. मशीन बिघडला म्हणून सांगितलास ना, ता. गॅलरी माझी होती. बंद कोणी करूची? तुमी?"

आयोजकांनी "पुढचा प्रश्न" म्हणून पाहिलं, पण पुढे कुणी विचारीना. सर तसेच उभे. इतक्या वर्षांत मी त्यांना हजार वेळा गप्प करायचा प्रयत्न केलाय, पण असे गप्प झालेले पाहून मला मुळीच बरं वाटलं नाही. मला वाटलं, आता पुरे, कुणी तरी पाणी द्या त्यांना.

मग ते व्यासपीठावरून उतरले आणि चपला शोधायला लागले. "सर, समारोप?" आयोजक म्हणाले. "झाला," सर म्हणाले.

आम्ही चौघं एका रिक्षात मावेना, दोन केल्या. आधी कांदिवली. सर वर गेले, कपाट उघडलं, स्वेटरांच्या खालून एक पिशवी काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'डाव्या डोळ्याची केबल' असं लिहिलेलं होतं. ती हरवली म्हणून मी तेव्हा अख्खा गाळा उलटापालटा केला होता, आणि नवे चष्मे आल्यावर विसरूनही गेले होते! त्यावर भांडायला वेळ नव्हता. अंधेरीला पोचेपर्यंत दुपार झाली. रविवार असूनही फरसाणवाल्याकडे कढई चालू होती. मी माळ्यावरून मशीन खाली घेतलं, धुळीने मला शिंकांवर शिंका. सर टेबलाखाली शिरले ते शिरलेच. कॉम्प्युटर घरघरला, बंद पडला, पुन्हा घरघरला. आतून सर मला ओरडत होते, "अगं बॅटरी दे, ती नव्हे गं, दुसरी!" अगदी पूर्वीसारखे. काकू खुर्चीत डुलक्या घेत होत्या. काका भिंतीला टेकून बसले होते, आणि मी पाचव्यांदा चहा विचारायला गेले तर म्हणाले, "घाय नाय गो."

शेवटी पडदे उजळले. काकांनी हेल्मेट घातलं. मला धास्ती होती, या डोळ्यांना काय दिसणार? पण त्या जुन्या हेल्मेटातून धडधाकट माणसालाही नळीतून बघितल्यासारखंच दिसायचं. काकांचं काही अडलं नाही. ते हॉलमधून गेले, स्वयंपाकघराशी जरा थांबले, मग त्यांनी उंबऱ्यावरून पाऊल उचललं. पंखा कधीच भंगारात गेला होता. काकांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

"इलंय," ते म्हणाले.

सर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हेल्मेट एकच. सरांच्या समोर गाळ्याची भिंत होती, तिच्यावर विजेचा मीटर आणि लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं.

"खाडी आसा," काका सांगू लागले. "माड आसत. झाडी आसा. बोट खय?"

बोटीचं मी साफ विसरले होते. त्या हलत्या खाडीत सरांनी एक एवढीशी बोट सोडली होती, मार्व्याहून मनोरीला जाणारी. ती टाकीवरून त्या दिवशी दिसली होती, म्हणून.

"थांबा," सर म्हणाले. "सुटायची आहे अजून. डावीकडे बघा, धक्क्याशी."

काकांनी मान डावीकडे वळवली. सरांनीही वळवली.

"सुटली!" काका ओरडले. काकू दचकून जाग्या झाल्या. "साहेब, ती बघा, सुटली! दिसली काय?"

"हो काका, दिसली," मीटरकडे बघत सर म्हणाले, आणि ती बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत दोघांच्या माना तिच्यामागून हळूहळू फिरत राहिल्या.